शंभर टक्क्यांवर

“फोटो लहान ठेवून शार्प म्हणायचं न्हाय काकू. शंभर टक्क्यांवर न्यायचा, आधी डोळा बघायचा,” एडिटिंग शिकवताना स्टुडिओवाला नंदीश म्हणायचा.

आज सकाळी लिंगपूजा आटोपून मी अक्षताच्या डोहाळजेवणाचे फोटो उघडले. अक्षता माझी भाची, थोरल्या अक्काची लेक, वळसंगला दिलेली. फुलांच्या वाडीत हसत बसली होती.

शंभर टक्क्यांवर नेल्यावर गाल, पापण्या, सगळं पुसट दिसलं. बुबुळ तेवढं लख्ख होतं. त्यात कोयता उगारलेला तिचा नवरा होता. फोटोत तर तो शेजारी हात जोडून उभा होता.

पुढच्या फोटोतही ती हसत होती. बुबुळातला कोयता तिच्या खांद्यात रुतला होता. भिंतीवर रक्त उडालं होतं.

मी फोन लावला.

“बरी हाय की मावशी.”

“कोण हाय गं?” मागून पुरुषी आवाज आला. फोन बंद झाला.

शेवटच्या फोटोच्या बुबुळात नवरा फरशीवर पालथा पडला होता. त्याच्यावर कोयता घेऊन वाकलेल्या बाईचा चेहरा माझा होता.

लेकीला मारणाऱ्याला सोडणार नाही, असा शब्द मी मरत्या अक्काला दिला होता. नारळ फोडायचा कोयता पिशवीत घातला, देवाला हात जोडले आणि वळसंगची एसटी धरायला निघाले.