पिशवीसकट

"साहेब, ही झाडं तुमच्या खात्यानं मारली."

कल्याण हे मुद्दाम मोठ्यानं बोलला. कुंभार पिंपळगावच्या गायरानात वीस-पंचवीस माणसं जमली होती, त्यांना ऐकू जावं म्हणून. मे महिना. सकाळी दहालाच जमीन चटके देत होती. समोर कडुनिंबाची आणि करंजाची चारशे रोपं, चारशेच्या चारशे वाळून काड्या झालेली. कडेला लोखंडी पाटी: कै. कडूबा स्मृतिवन.

कडूबा म्हणजे कल्याणचा बाप. सायकलवर रोपं विकता विकता जालन्यात त्यानं बागा करून द्यायची कंपनी उभी केली. तीन वर्षांपूर्वी तो गेला, कंपनी कल्याणकडं आली. गायरानात झाडं लावायचं सरकारी काम मिळालं तेव्हा वनाला बापाचं नाव कल्याणनंच मागून घेतलं होतं.

"टँकर आठवड्याला यायचा ठरला होता. महिन्यातून एकदा आला. आता माझी कंपनी काळ्या यादीत टाकताय? माझ्या बापाच्या नावाला तुम्ही काळं फासून राह्यले, साहेब."

"बराबर हाय," गर्दीतून कुणीतरी म्हणालं.

वनीकरण खात्याचे साहेब रुमालानं मान पुसत राहिले.

कल्याणची आई, उषाबाई, या भांडणात नव्हती. ती एका करंजापाशी जाऊन बसली होती. नखानं साल खरवडून पाहिली. आत हिरवं नव्हतं. मग तिनं बुंधा धरून जरासा ओढला. वर्षभर जमिनीत असलेलं झाड दोन बोटांच्या जोरानं वर आलं. पिशवीसकट आलं.

नर्सरीतली काळी प्लास्टिकची पिशवी, जशीच्या तशी. आत मुळ्या गोल गोल फिरून एकमेकींत गुंतलेल्या. बाहेरच्या मातीला त्यातली एकही लागली नव्हती.

तिनं शेजारचं रोप ओढलं. पिशवी. त्याच्या पुढचं ओढलं. पिशवी.

कल्याण बोलता बोलता थांबला. माणसं आळ्याभोवती गोळा झाली.

"मजुरांनी केलं असंल," तो म्हणाला.

"मजुरांनी न्हाई, शेठ." साळूबाई पुढं आली. कडूबाच्या हाताखाली तिनं तीस वर्षं रोपं लावली होती. ही पण तिनंच लावली होती. "मालक असताना सांजच्याला रोपांवरून फाडून काढलेल्या पिशव्या मोजून घ्यायचे. जेवढी रोपं तेवढ्या पिशव्या. एक कमी पडली तर सगळी वळ पुन्हा उकरायला लावायचे. लई शिव्या घातल्या आम्ही त्या माणसाला. ह्या बारीला मी बी फाटक्या पिशव्या घिऊन तुमच्या गाडीपाशी आल्ते. तवा तुम्ही काय म्हणले?"

कल्याणनं गाडीची किल्ली या हातातून त्या हातात घेतली.

"तुम्ही म्हणले, मावशी, कचरा काय दाखवता? चारला साहेब फोटोला येऊन राह्यले. फाडत बसू नका, तसंच लावा, जल्दी."

कुणीतरी फिसकन हसलं. कल्याणला आपले शब्द आठवत होते. ते बोलून वर आपण हसलो होतो, तेही. गाडीची काच वर केली होती, एसी जातो म्हणून.

साहेब त्याच्या अगदी जवळ आले. आवाज उतरवून म्हणाले, "कल्याणराव, त्या फोटोत मी आहे. रोपावर माझा हात आहे. टँकरचं तुम्ही काढू नका, पिशवीचं मी काढत नाही. उन्हानं गेली असं लिहू. ऊन तर होतंच ना?"

कल्याणनं मान हलवली. इतक्या चटकन हलवली की त्याचं त्यालाच कसंतरी झालं. घडीभरापूर्वी ह्याच माणसावर त्यानं बापाच्या नावानं बोट उगारलं होतं.

तिकडं उषाबाईनं एक पिशवी फाडली होती. मुळ्या सोडवायला गेली तर त्या तिच्या हातात कडाकडा मोडल्या. मोडलेले तुकडे तिनं ओटीत टाकले आणि दुसरी पिशवी घेतली.

"आई, ऊठ. लोकं बघून राह्यले."

"बघू दे की. त्यांच्याच गावातली झाडं हायेत."

"आई..."

"राजूरच्या रस्त्याला लावली, तिथं पिशव्या मोजल्या व्हत्या का?"

कल्याण तिच्या हातातली पिशवी घ्यायला वाकला.

"अन् अंबडला?"

मघाशी बराबर म्हणणारा माणूस आता चपलेनं माती उकरत होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि जीपकडं वळले.

"साहेब, थांबा जरा," उषाबाई बसूनच म्हणाली. "तिथल्या बी फोटोत तुम्हीच असाल. तुमच्यासमोर सांगू द्या त्याला."

साहेब थांबले. ड्रायव्हरनं चालू केलेली जीप बंद केली.

उषाबाईनं मातीचे हात पदराला पुसले नाहीत. लेकाकडं वर मान करून पाहिलं. उन्हामुळं तिला डोळे बारीक करावे लागले.

"तुझ्या बापाला जाऊन तीन वर्षं झाली, कल्याण. तवापासून तुझ्या कंपनीचं एक तरी झाड मातीला लागलं का? बोल ना."