समासातली पेन्सिल

"सोमवारी ग्रंथालय बंद असते. नायिका त्या दुपारी तिथे कशी?"

कादंबरीच्या पहिल्या मुद्रिताच्या समासातली ही बारीक ओळ सुमिएने तीनदा वाचली आणि चहाचा पेला खाली ठेवला.

तपासनिसाच्या शंका शिसपेन्सिलीने आणि लेखकाची उत्तरं लाल शाईने, हा तोक्योच्या प्रकाशनधंद्यातला जुना रिवाज. तपासनीस कोण, हे लेखकाला कधी सांगत नाहीत. तो पंचांगं, वेळापत्रकं आणि जुनी वर्तमानपत्रं घेऊन कुठल्याशा खोलीत बसतो आणि कथेतला चंद्र त्या तिथीला खरोखर उगवला होता का, तेही पाहतो. सुमिएची अकरा पुस्तकं अशीच तपासली गेली होती. त्यांत फारशा शंका निघाल्या नव्हत्या. फारसा जीवही नव्हता, असं समीक्षक म्हणत.

ही बारावी कादंबरी मात्र जिवंत होती. एप्रिलमध्ये सुरू केली आणि ऑगस्टपर्यंत चारशे पानं झाली. शाळेतल्या दोन मैत्रिणी, बंदराचा बांध, एकीचा बुडून मृत्यू. गावाचं नाव तिने आठवणीने बदललं होतं, तारीख मात्र खरीच राहिली होती. पण पहिल्याच पानावर पेन्सिल म्हणत होती, "बोगदा संपताच स्टेशन आणि बंदरात दोन दीपगृहे. हे काझेउरा असावे असे धरून तपासतो. हरकत असल्यास कळवावे."

हरकत काय म्हणून कळवणार? काझेउरा तिचं माहेर. अठ्ठावीस वर्षांपूर्वी, हिवाळी सुट्टीतल्या एका सोमवारी, तिची वर्गमैत्रीण मिचिरु तिथल्या बांधावरून समुद्रात पडली. मी दुपारभर ग्रंथालयात होते, मिचिरु आज मला भेटलीच नाही, असं सतरा वर्षांच्या सुमिएने पोलिसांना सांगितलं. सुमिए गावच्या डॉक्टरांची मुलगी. ग्रंथालयाचं दार जाऊन बघण्याची तसदी कुणी घेतली नाही.

आता कुणीतरी घेतली होती. तिने संपादकाला फोन लावला.

"नाराहारा, हे तपासनीस कोण आहेत?"

"ते सांगत नाहीत, बाई. तुम्हाला ठाऊक नाही का?"

"कुठल्या गावचे, एवढं तरी?"

"पेन्सिलीला काय घाबरायचं? खोडरबराने जाते ती," नाराहारा म्हणाला आणि हसला.

तिला हसू आलं नाही. मिचिरुला एक धाकटा भाऊ होता. अंत्यविधीच्या दिवशी तो बारा वर्षांचा पोर उदबत्त्यांच्या धुरातून तिच्याकडे टक लावून बघत होता. आता चाळिशीचा असेल. तोच हा, अशी तिची खात्रीच झाली.

तिने ग्रंथालय खोडून नायिकेला शाळेत बसवलं. दुसऱ्या मुद्रितात पेन्सिलीने लिहिलं, "सुट्टीत शाळेला कुलूप." मैत्रीण लाटेने ओढली गेली, असं तिने लिहिलं होतं. "त्या दिवशी समुद्र शांत, वारा नाही." मैत्रीण कठड्यावरून वाकली होती. "कठडा तीन वर्षांनंतर बसवला." जिथे जिथे तिने थाप मारली होती तिथे बरोबर पेन्सिल टेकलेली, आणि जी वाक्यं खरी होती त्यांच्या शेजारी समास कोरा.

सुमिएला अन्न गोड लागेना. टपालवाल्याची दुचाकी गल्लीत वळली की ती खिडकीचा पडदा ओढून घ्यायची. तिला आता एकच हवं होतं, ही पेन्सिल थांबायला हवी होती. आणि ती कशाने थांबते, हे तिला कळून चुकलं होतं.

नोव्हेंबरभर बसून तिने प्रत्येक शंकेच्या जागी लाल शाईने खरं ते लिहिलं. नायिका बांधावरच होती. समुद्र शांत होता. मैत्रिणीचा पाय शेवाळावरून घसरला आणि तिने नायिकेचं मनगट धरलं. नायिकेने तिची बोटं एकेक करून सोडवली. मैत्रीण तिच्याहून चांगलं लिहायची, बस्स, एवढंच कारण. मैत्रीण खाली गेली आणि तिचा हातमोजा नायिकेच्या मुठीत राहिला. पिवळ्या लोकरीचा, घरी विणलेला, अंगठा काळ्या दोऱ्याने शिवलेला.

शेवटी कादंबरीच ती. कादंबरीतलं खरं कोण धरतं, असं तिने स्वतःला समजावलं.

जानेवारीत तिसरं मुद्रित आलं. तिने पानं उलटली. ग्रंथालयाचं पान कोरं होतं. बांधाचं पान कोरं होतं. हातमोज्याचंही. तेवढ्यात नाराहाराचा फोन आला. शेवट इतका खरा उतरलाय की अंगावर काटा येतो, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता.

"आता छपाईलाच चाललंय म्हणून सांगतो, बाई. आमचे तपासनीस होक्काइदोचे. त्रेसष्ट वर्षांचे. होडीचं नाव काढलं तरी त्यांना मळमळतं. काझेउरा त्यांनी फक्त नकाशात पाहिलंय."

"मग ते सगळं त्यांना कसं ठाऊक?"

"कसलं ठाऊक? भरतीचे तक्ते, हवामानाच्या नोंदी, ग्रंथालयाचं माहितीपत्रक. सगळं छापील."

म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. कधीच नव्हतं. सुमिए कित्येक महिन्यांनी मोठ्याने हसली. तिने नूडल्सचा मोठा वाडगा केला, वर अंडं फोडून घातलं आणि शेवटचा घोटही सोडला नाही. मग मुद्रितं परत पाकिटात भरताना शेवटच्या पानामागे टाचलेली चिठ्ठी तिला दिसली. तीच बारीक पेन्सिल.

"एकच शंका उरली होती. मृत मुलीच्या हातात एकच मोजा होता, असे वर्तमानपत्रात आहे. परंतु मोज्याचा रंग किंवा काळा दोरा कुठेच छापलेला नाही. म्हणून सवयीप्रमाणे मुलीच्या आईंना ते पान पाठवून विचारले. त्या एक्याऐंशी वर्षांच्या आहेत, स्मरण उत्तम. वर्णन तंतोतंत बरोबर आहे, असे त्यांनी कळवले. हे आपल्याला कोणी सांगितले, एवढेच विचारायला त्या गावच्या एका पोलीस अधिकाऱ्यांसह बुधवारी आपल्याकडे येत आहेत. अंगठा त्यांनी त्याच सकाळी, मुलगी बाहेर पडायला दारात उभी असताना, शिवून दिला होता."