वासाचा रकाना

भालचंद्रांनी सगळ्यांच्या देखत खोल श्वास घेतला. एका बाजूला कोंबड्यांच्या फार्मचा मालक हात जोडून उभा होता. दुसऱ्या बाजूला नव्या टॉवरमधली सात-आठ माणसं नाकाला रुमाल लावून. मध्ये पत्र्याच्या लांबच लांब शेड आणि चाळीस हजार कोंबड्या. प्रदूषण मंडळाचे हे इन्स्पेक्टर आता काय म्हणतात, याकडे कोंबड्या सोडून सगळ्यांचं लक्ष होतं.

मालकाचं म्हणणं, फार्म पंधरा वर्षांचा, टॉवर कालचे. आणि वास कसला, शेताची हवा आहे. टॉवरवाल्यांचं म्हणणं, गुडगावात फ्लॅट घेतला तेव्हा छापील कागदावर हिरवळ होती, हे नव्हतं. पोरं घरात जेवायला बसत नाहीत. भालचंद्रांनी दोघांचंही ऐकून घेतलं. सांडपाण्याचे नमुने बाटल्यांत भरले, विष्ठेचा ढीग टेपनं मोजला, माश्यांबद्दल चार ओळी लिहिल्या. फॉर्मवरचा एक रकाना तेवढा कोरा ठेवला आणि फरीदाबादला घराच्या दिशेनं स्कूटर काढली.

त्या रकान्यात तीनच शब्द होते. दुर्गंध : नाही, सौम्य, तीव्र. एकावर खूण करायची. वास मोजायला मंडळाकडे यंत्र नव्हतं, अधिकाऱ्याला आला तो वास खरा. आणि या अधिकाऱ्याला आठ वर्षांत कसलाही वास आलेला नव्हता.

आठ वर्षांपूर्वी ते बदरपूरजवळ स्कूटरवरून पडले, डोकं आपटलं. टाके पडले, जखम भरली, वास मात्र परत आला नाही. ऑफिसात सांगितलं असतं तर फायलींच्या खोलीत बसवलं असतं, म्हणून सांगितलं नाही. हे कळलं ते एकट्या वृंदाला. दूध करपून घरभर धूर झाला आणि नवरा शेजारी पेपर वाचत बसलेला, हे पाहून ती काय ते समजली. रडली वगैरे नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं काम अंगावर घेतलं.

संध्याकाळी ते जिना चढून आले की ती दारातच अडवायची. "थांबा, आत येऊ नका." मग त्यांच्या कॉलरशी वाकून एक श्वास घ्यायची आणि निकाल द्यायची. "तीव्र. जा आंघोळीला." ते उंबऱ्यातच फॉर्म काढून खूण करायचे. सात वर्षांत तिचा एकही निकाल चुकला नाही. मंडळाचा पगार खरं तर अर्धा तिला मिळायला हवा होता, असं ते म्हणायचे आणि ती म्हणायची, अर्धाच का.

ती जाऊन सहा महिने झाले. आता दारात कुणी अडवत नव्हतं. कुलूप काढलं की सरळ आत जाता येत होतं, आणि त्याचंच त्यांना सगळ्यांत वाईट वाटत होतं. बंगळूरहून मुलाचा, मानसचा, रविवारी फोन येई. जेवलात का, गोळ्या घेतल्यात का. वासाचं त्याला कधी सांगितलंच नव्हतं, आता काय सांगायचं?

सहा महिने ते प्रत्येक फॉर्मवर 'सौम्य'वर खूण करत आले होते. डेअरी असो, डुकरांचा फार्म असो, सौम्य. शेवटी साहेबांनी बोलावून विचारलं, तुम्हाला सगळं सौम्यच कसं लागतं? हे कोंबड्यांच्या फार्मचं प्रकरण कोर्टात जाणार आहे. शपथेवर सांगावं लागेल. उद्या सकाळी फॉर्म टेबलावर हवा आणि सौम्य नको. एका शब्दावर फार्म बंद पडणार होता, नाहीतर टॉवरमधल्या पोरांना त्याच हवेत राहावं लागणार होतं. आणि तो शब्द भालचंद्रांकडे नव्हता.

ते जिना चढले. समोरच्या फ्लॅटचं दार नेहमीसारखं उघडं होतं आणि शुभदाताई नेहमीसारख्या दारात उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, वृंदाची मैत्रीण. वृंदा गेल्यापासून रोज याच वेळी त्या दारात असत. कधी मेथी निवडत, कधी नुसत्याच. बिचारा कसा राहतो ते बघायला उभ्या राहतात, असं भालचंद्रांना वाटे. त्यांना कुणाची कीव नको होती. मान खाली घालून ते झटपट कुलूप उघडत आणि आत शिरत.

आज किल्ली हातात धरून ते उभेच राहिले. शपथेवर खोटं लिहायचं, की या बाईंपुढे हसं करून घ्यायचं? मग ते वळले.

"शुभदाताई," ते म्हणाले, "जरा विचित्र विचारतोय. माझ्या शर्टाला वास येतोय का?"

त्या हसल्या नाहीत. पुढे आल्या, कॉलरशी वाकल्या, एक श्वास घेतला.

"तीव्र," त्या म्हणाल्या.

भालचंद्र त्यांच्याकडे बघतच राहिले. रकान्यातला तो शब्द त्यांनी या बाईंना कधीच सांगितला नव्हता.

शुभदाताईंनी पदराने डोळे टिपले. "हॉस्पिटलात वृंदानं मला सगळं सांगून ठेवलं होतं. म्हणाली, आपणहून सांगू नकोस, त्यांना लागेल. ते विचारतील तेव्हाच सांग. सहा महिने रोज दारात उभी राहतेय, भावोजी. आज विचारलंत."