शत्रूंची पेटी

सैनिक त्याला घेऊन गेले तेव्हा सदऱ्याची एक बाही लावायची राहिली होती. तशाच एका बाहीच्या सदऱ्यात, दंडाच्या पट्टीसकट, त्यांनी त्याला ओढत रस्त्यावर नेलं. शिवणवाल्या मावशी मशीनशी उभ्याच राहिल्या. हातात ती उरलेली बाही, ओठांत दोन टाचण्या. ओरडायचं म्हटलं तरी आधी टाचण्या काढाव्या लागल्या असत्या.

तो शत्रूचा सैनिक होता, हे खरं. अकरा दिवसांपूर्वी दुकानामागच्या कोळशाच्या खोलीत सापडला, दंडात गोळी घेऊन. मावशींनी दार लावून घेतलं आणि पाणी आणलं. त्यांचा स्वतःचा लेक आघाडीवर. चार महिने पत्र नाही. तो तिकडच्या कुणा बाईच्या कोळशाच्या खोलीत पडला असेल, तर तिने काय करावं? मावशींचं गणित एवढं सरळ होतं. या जखमी पोराची भाषा त्यांना कळत नव्हती. ताप नसला की चांगल्या हाताने तो बटणांचा डबा निवडत बसायचा, लहान इकडे, मोठी तिकडे. मावशींना तीस वर्षांत त्या डब्याला हात घालायला सवड झाली नव्हती.

जाताना अधिकाऱ्याने टेबलावर कागदाचा एक कपटा टाकला. "चर्चच्या पाळकांनी तुमच्यासाठी शब्द टाकला, म्हणून वाचलात. पुन्हा असले उद्योग करू नका."

खाकी कागद, निळी पेन्सिल. अक्षर मावशींचंच. ही चिठ्ठी त्यांनी चर्चच्या पेटीत टाकली होती.

लढाई पेटली तेव्हा पाळकसाहेबांनी चर्चच्या दाराशी एक लाकडी पेटी ठेवली होती. आपल्या माणसांसाठी कुणीही हात जोडतो, ते म्हणाले, त्यात कसला आलाय मोठेपणा? ज्याचा राग येतो, त्याच्याबद्दल चिठ्ठीत लिहा. स्वतःचं नाव घालू नका, या कानाचं त्या कानाला कळणार नाही. दर रविवारी ते पेटी उघडून एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचत, आणि सगळी मंडळी म्हणे, "प्रभू, त्याच्यावर दया कर." पेटीला कुलूप, किल्ली एकच, त्यांच्या झग्याच्या खिशात. आधी लोकांनी नाकं मुरडली. मग चिठ्ठ्या येऊ लागल्या. 'पूल उडवणारा.' 'माझ्या नवऱ्याला मारणारा, नाव माहीत नाही.' म्हणताना लोकांचे आवाज फाटत, पण म्हणत. मावशी पाळकांना देवमाणूस मानायच्या. तो झगासुद्धा त्यांनीच शिवलेला, एक पैसा न घेता.

म्हणून तर त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या कोळशाच्या खोलीतला. त्याचा ताप उतरू दे.' मापं उतरवायचा खाकी कागद, कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल. नाव घातलं नाही. पण असल्या कागदावर गावात दुसरं कोण लिहितं? पाळकांच्या झग्याचं मापही तसल्याच कागदावर होतं. त्या रविवारी ही चिठ्ठी वाचलीच गेली नाही. मावशींना वाटलं, पेटीच्या तळाला चिकटून राहिली असेल. काय म्हणावं या भोळेपणाला!

दुसऱ्या दिवशी त्या पाळकांच्या घरी गेल्या. बाही अजून हातातच होती.

"केसाने गळा कापलात, साहेब."

"मावशी, मी तुमचाच जीव वाचवला," पाळक म्हणाले. "उद्या दुसऱ्या कुणी सांगितलं असतं, तर तुम्हालाही भिंतीशी उभं केलं असतं. चर्चला टाळं ठोकलं असतं. मग ती पेटी तरी कुठे राहिली असती?"

"त्याचं काय झालं?"

"आज पहाटे," पाळक एवढंच म्हणाले.

गोळी घालणाऱ्यांचा मावशींना तेवढा राग नव्हता. त्यांनी कधी दयेच्या गोष्टी केल्या नव्हत्या. पण ज्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास टाकला, त्यानेच पोराला धरून द्यावं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! घरी येऊन त्या भांडणाऱ्या माणसासारख्या एकट्याच मोठमोठ्याने बोलल्या, आणि मग खूप रडल्या. चार दिवस मशीनवरचं कापड काही निघालं नाही.

शनिवारी त्यांनी खाकी कागदाचा तुकडा फाडला आणि निळ्या पेन्सिलीला टोक केलं. लपवायचं आता काही उरलं नव्हतं. दोनच शब्द लिहायचे होते, पण हात तीनदा थांबला. लिहून झाल्यावर त्यांनी घडी घातली आणि चर्चकडे निघाल्या.

रविवारी पाळकांनी तीन चिठ्ठ्या वाचल्या. तिन्ही वेळा मंडळीने दया मागितली. चौथी चिठ्ठी खाकी होती. पाळकांनी ती उलगडली, पाहिली, आणि परत घडी घालून बाकीच्यांच्या खाली सरकवली.

तिसऱ्या बाकावरून मावशी उठल्या. "वाचा ना, साहेब. मागच्या वेळीही माझीच राहिली."

सगळ्या माना वळल्या. पाळकांनी कागद पुन्हा उलगडला.

"'आमचे पाळकसाहेब,'" त्यांनी वाचलं.

मंडळीतून कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना. मावशी बाकाची कड घट्ट धरून उभ्या होत्या. शेवटी त्याच म्हणाल्या, एकट्याच, "प्रभू, त्यांच्यावर दया कर."