पदासोबत गेलेली आठवण

दुपारी राष्ट्रपतींकडे राजीनामा देऊन मृणालिनीताई घरी आल्या, तेव्हा भिंतीवर आईचा हार घातलेला फोटो होता. आई गेल्याचं त्यांना ते पाहूनच कळलं. पंतप्रधानपदाच्या काळातल्या त्यांच्या सगळ्या आठवणी नियमाप्रमाणे राजीनामा देताच काढून नव्या पंतप्रधानांच्या डोक्यात घातल्या होत्या.

"मी होते ना तिच्याजवळ?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

"मी परगावी होतो. त्याबद्दल तू कधी बोललीच नाहीस."

दिवेलागणीला, शपथविधी उरकून, भास्करराव ढोबळे आले. ताईंविरुद्ध पक्षाचे खासदार वळवून नेतेपद मिळवलं ते यांनीच, हे ताईंना दुपारी वर्तमानपत्रात वाचून कळलं होतं. ताईंनी बसा म्हटलं नाही.

"ताई, कारभाराचं माझ्याकडे राहू दे, पण हे तुमचं आहे," ते उभ्यानेच म्हणाले. "तुम्ही मंत्रिमंडळाची बैठक सोडून गेला होतात. आईंना पेज भरवलीत. मीठ कमी आहे म्हणाल्या, आणि तुमचा हात धरूनच गेल्या."

सांगता सांगता त्यांचेच डोळे भरून आले.

"बसा भास्करराव," ताई म्हणाल्या. "तुमचे उपकार झाले. पुन्हा एकदा सांगा, सावकाश."

आणि त्यांनी ढोबळ्यांचा हात हातात घेतला. आईचा शेवटचा स्पर्श आता त्याच हाताला आठवत होता.