निम्म्या दरात धार

थोरल्याने रस्ता ओलांडला तो धाकट्याची जिरवायची म्हणूनच. 'निम्म्या दरात धार' ही हातभर अक्षरांची पाटी थोरल्याच्या दुकानावर लागून महिना झाला होता. सुरी, कोयता, कात्री, जे येईल ते दोन मिनिटांत चाकावर धरायचं आणि गिऱ्हाईक वाटेला लावायचं. तरी समोर धाकट्याचं शटर रोज नाकावर टिच्चून उघडतच होतं! हा पठ्ठ्या दर उतरवीना, सुरीला हात लावीना. घेणार काय, तर फक्त शिंपीकामाच्या कात्र्या. असली अक्कल कुठून आणतात लोक?

धाकटा मान खाली घालून एका कात्रीचा स्क्रू काढत होता.

"माश्या मारतोयस ना?" थोरला दारातूनच ओरडला.

"ये दादा, बस."

"बसायला नाही आलो. उद्यापासून पाव दर लावतोय. तुझं शटर खाली ओढल्याशिवाय गप्प बसायचा नाही मी!"

"लाव की. तू स्क्रू न काढता कात्री तशीच चाकावर धरतोस. चार खेपांत ती कापड चावायला लागते. मग ती माणसं माझ्याकडे येतात. तू जितका दर पाडशील तितकी लवकर येतील."

"कोण येतं? एकाचं तरी नाव सांग!"

धाकट्याने दोन्ही पाती ओल्या दगडावर घासून कात्री जोडली, ओलं मलमल टोकापर्यंत कापून पाहिलं आणि ती बाकीच्या कात्र्यांच्या रांगेत ठेवली.

थोरला आणखी बोलणार होता, पण त्याचं लक्ष त्या कात्रीच्या मुठीकडे गेलं. मुठीला हिरवी चिंधी होती. घरी दिवसभर शिवणकाम करून बायकोच्या अंगठ्याला घट्टा पडला, म्हणून गेल्या रविवारी त्यानेच ती गुंडाळली होती. गाठसुद्धा त्याचीच.

त्याचा संताप उसळला.

"आणि तू पैसे घेतोस? सख्ख्या वहिनीकडून? लाज नाही वाटत?"

"मी नकोच म्हणत होतो," धाकट्याने पुढची कात्री उचलली. "वहिनीच म्हणाली, घे बाबा मुकाट्याने. फुकटची धार मला घरी मिळतेच आहे."