जमिनीवरची शेपटी

ग्राइंडर हातात घेऊन ती कधीची शिडीवर उभी होती, पण बटण दाबायला हात धजत नव्हता.

समोर डायनासोर होता. चाळीस वर्षांपूर्वी त्याची हाडं ज्या लोखंडावर उभी राहिली, ते लोखंड तिच्या बाबांनी वाकवलेलं. पाहुण्यांचा चहा गार होईल, पण बाबांची ती गोष्ट संपायची नाही. आणि आता म्हणे सगळंच चुकलं होतं. हा प्राणी शेपटी फरफटत नव्हताच, हवेत उचलून चालायचा. शेपटीची हाडं उतरवून पेटीत ठेवली होती. उरलेलं लोखंड कापून वर घ्या, असं संग्रहालयाच्या मॅडमनी सांगितलं. आणि वेल्डर म्हणून बोलावलं कुणाला, तर हिलाच.

घरी तिनं अवाक्षर काढलं नव्हतं. पण असल्या बातम्या लपतात होय? काठी टेकत बाबा दालनात हजर झालेच.

ती खाली उतरली. ती रडायच्या बेतात होती.

"बाबा, शेपटी उचलायचीय. तुमचं काम कापावं लागेल."

बाबांनी शेपटीकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, आणि स्वारी चक्क हसायला लागली.

"ठेव तो ग्राइंडर. पाना घे. बुडाशी पुट्टी आहे, ती खरवड."

ती परत शिडीवर चढली आणि पुट्टी खरवडली. पुट्टीखालून ग्रीसमध्ये माखलेले चार बोल्ट निघाले. वेल्डिंगचं नावही नव्हतं. पाना लावला. कुरकुरत का होईना, बोल्ट फिरले. छताला टांगलेल्या कप्पीची साखळी ओढली तशी शेपटी अलगद वर गेली आणि तो सुस्त प्राणी आता पळत सुटणार असं वाटायला लागलं. तिला इतका आनंद झाला की शिडीवरून पडता पडता वाचली.

"तेव्हाच्या साहेबांना सांगून पाहिलं," बाबा म्हणाले. "ऐकेनात. म्हटलं, टेकवतो, पण जोडून टाकत नाही. आज ना उद्या कुणीतरी उचलायला येईलच."

"आणि इतकी वर्षं गप्प बसलात?"

"साहेबांचा मान होता ना."

मॅडम पुढे आल्या. "पण काका, तुम्हाला कळलं कसं?"

बाबांनी काठीनं दाराजवळची दगडाची लादी दाखवली. डायनासोरच्या पावलांचे ठसे असलेली ती लादी संग्रहालय उघडल्यापासून तिथंच होती.

"मी रोज तिथं बसून डबा खायचो. पावलं होती, पण शेपटीची रेघ कुठं होती?"